सरकारची कणगी

"साहेबांनी विचारलं, हे भात कशाचं, तर काय सांगायचं?"

"दळनाचं."

"कोण देतं?"

"वाडीतली मानसं देत्यात. दळून, कांडून घेत्यात, त्याचं."

"आणि घराघरात तारा गेल्यात त्या?"

रवळूमामा थांबले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली, तिची घडी सारखी केली आणि परत डोक्यावर घातली.

"त्या शेजारधर्माच्या," ते म्हणाले. "गिरनीची वीज उरती. वाया कशाला घालवायची, म्हनून दिली."

"शाब्बास. परत एकदा."

आम्ही तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तर त्यांनी इतकं बिनचूक म्हणून दाखवलं की मी खूश होऊन चहा मागवला. शाळेच्या परीक्षेला बसवलेल्या पोराकडे बघावं तशी मी त्यांच्याकडे बघत होते, आणि ते साठीचे होते.

दोन हजार चौदा सालचा फेब्रुवारी होता. चंदगडच्या स्टँडसमोर औषधाच्या दुकानावर माझी एक खोली होती आणि खाली पाटी, 'हेमलता पोतदार, करसल्लागार'. मी एकतीस वर्षांची. तालुक्यात या धंद्यात बाई म्हणून मी एकटीच, आणि त्याचा मला जरा जास्तच ताठा होता. अशिलानं लागतो त्यापेक्षा एक रुपयाही जादा कर भरायचा नाही आणि कायद्यात फट सापडली तर लागतो तेवढाही भरायचा नाही, हा माझा बाणा. लोक मला वकीलबाई म्हणायचे. मी वकील नाही हे सांगून सांगून दमले, मग सांगायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

रवळू धाकू गावडे हे माझे अशील ओहळवाडीचे. तालुक्याच्या पार पश्चिमेला, जंगलाच्या पोटात अडतीस घरांची वाडी. तिथे विजेचे खांब सहा वर्षांपूर्वीच येऊन उभे राहिले होते, तारा तेवढ्या यायच्या होत्या. खांबांवर वेली चढल्या होत्या. मामांनी तारांची वाट बघितली नाही. त्यांनी वरच्या झऱ्याचं पाणी पायपातून साठ फूट खाली आणलं आणि भंगारात घेतलेल्या एका पाण्याच्या पंपावर सोडलं. पंप सरळ फिरवला की तो पाणी वर चढवतो. मामांनी तो उलटा बसवला, म्हणजे पाणीच त्याला फिरवायला लागलं. त्याला जोडला जनरेटर. दिवसा त्यावर पिठाची गिरणी आणि भात कांडायचं यंत्र चालायचं, आणि दिवस मावळला की अडतीस घरांत दिवे लागायचे. दिव्याचे पैसे मामा घेत नसत. सुगी झाली की एका दिव्यामागे एक पायली भात, असा वाडीनं ठरवलेला रिवाज होता.

चार वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा माझ्याकडे आले ते नोंदणीसाठी. कर्ज नको, अनुदान नको. "मला कागद पायजे," एवढंच म्हणाले.

"कशाला हवाय?"

"असावा."

मी फॉर्म भरला. त्यात एक चौकट असते, तुमचा धंदा कोणता, त्याचा कोड लिहा. सरकारचं एक जाडजूड पुस्तक आहे. देशातल्या प्रत्येक उद्योगाला त्यात एक आकडा दिलेला असतो, विडी वळणाऱ्यापासून जहाज बांधणाऱ्यापर्यंत कुणी सुटत नाही. धान्य दळायचा आकडा दहानं सुरू होतो आणि वीज निर्माण करायचा पस्तीसनं. मी दोन्ही पानं उघडून बघितली. पस्तीसच्या मागोमाग वीज शुल्क येणार, निरीक्षक येणार, सुरक्षेचं प्रमाणपत्र आणि दरवर्षीची विवरणपत्रं येणार. दहाच्या मागे काहीच नाही. आणि गिरणी तर तिथे होतीच की, खोटं काहीच नव्हतं. मी दहाचा आकडा लिहिला.

"काय लिवलं?" मामांनी विचारलं. फॉर्म इंग्रजीत होता.

"गिरणी. तुमच्या फायद्याचं आहे."

ते कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्याच्या चार घड्या घालून त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. "बरं," म्हणाले आणि गेले. त्या 'बरं'चा मी चार वर्षांत एकदाही विचार केला नाही.

मग कुणा हौशी पत्रकारानं ओहळवाडीत जाऊन फोटो काढला. 'वाडीनं केली घरची वीज' अशी बातमी आली आणि तिचं कात्रण वीज शुल्काच्या कार्यालयात जाऊन पोचलं. तिथून नोटीस आली. आपण वीज निर्माण करून विकता काय? विकत असल्यास तशी नोंद का नाही, शुल्क का भरलं नाही? निरीक्षक जागेवर येऊन पाहणी करतील.

नोटीस वाचून मामांपेक्षा मीच जास्त खुलले. अशा नोटिशी म्हणजे माझ्या हातचा मळ. गिरणी आहे म्हटलं की प्रकरण जागच्या जागी मिटणार होतं. भात हा दळणाचा मोबदला, तारा शेजारधर्माच्या. शुल्क नाही, दंड नाही, दिवेही चालूच राहणार. फक्त 'भात कशाचं' या एका प्रश्नाला मामांनी एक शब्द नीट म्हणायचा होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी स्कूटीवरून ओहळवाडीला गेले. शेवटचे दोन किलोमीटर लाल मातीचा रस्ता, त्यामुळे पोचले तेव्हा माझी पांढरी ओढणी गुलाबी झाली होती. मामांच्या बायकोनं, शेवंतामामींनी, हातपाय धुवायला पाणी दिलं. पाणी कढत होतं.

"एवढ्या सकाळी एवढं पाणी कुणी तापवलं?"

"इजेनं," मामी हसल्या. "आमच्यात चूल नुसत्या भाकरीला."

शेडमध्ये पायपातून पाणी कोसळत होतं आणि जनरेटर घुमत होता. बोलायचं तर आवाज चढवावा लागे. एका कोपऱ्यात बांबूच्या दोन कणग्या होत्या, एक माझ्या खांद्याएवढी आणि एक कमरेएवढी. मोठीचं तोंड उघडं होतं. लहानीचं झाकण शेणानं लिंपून पक्कं बंद केलं होतं.

"यात बियाणं आहे का?" मी विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "ते आपलं न्हवं."

कुणा शेजाऱ्याची ठेव असेल असं मला वाटलं. मी मामांना पुन्हा एकदा प्रश्न विचारून बघितले. त्यांनी मान डोलावली, पण या खेपेला उत्तरं म्हणून दाखवली नाहीत. घाबरले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

अकरा वाजता जीप आली. निरीक्षकांचं आडनाव डोईफोडे. नाव वाचल्यापासून मी जरा दचकूनच होते, पण उतरला तो एक किडकिडीत, मवाळ आवाजाचा माणूस, गळ्याला मफलर गुंडाळलेला. नांदेडकडचे होते आणि आमच्या भागातली थंडी त्यांना सोसत नव्हती. त्यांनी आधी फाइल उघडलीच नाही. सरळ यंत्रापाशी जाऊन उकिडवे बसले.

"पंप उलटा बसवलाय का हो?"

"व्हय सायेब."

"आणि लोकांनी दिवे बंद केले, भार कमी झाला, की मग? जनरेटर पळत सुटत असेल."

मामांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. "या की, दावतो." त्यांनी साहेबांना शेडच्या मागे नेलं. तिथे सिमेंटची टाकी होती आणि तिच्यात तापायच्या कांड्या सोडलेल्या. "दिवं कमी लागलं की उरल्याली वीज हितं पान्यात जाती. जनरेटरला वाटतं भार हाय तेवढाच हाय. फसवतो त्येला."

साहेबांनी टाकीत बोट घातलं आणि झटकन काढलं.

"वाडीतल्या बाळंतिणींस्नी हितनंच पानी जातं," मामींनी पुस्ती जोडली. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. ही सगळी हुशारी दाखवून मामा स्वतःच स्वतःला वीजवाला ठरवत होते. मी घाईघाईनं गिरणीचा पट्टा दाखवला, पिठानं पांढऱ्या झालेल्या भिंती दाखवल्या.

शेवटी साहेब एका पोत्यावर बसले आणि त्यांनी फाइल मांडीवर उघडली. "नोंदणीत कोड दहानं सुरू होतो. धान्य दळणं, कांडणं. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

"मी गावड्यांना विचारतोय, मॅडम." मग मोठ्या कणगीकडे पेन दाखवून ते मामांना म्हणाले, "हे भात कशाचं?"

मी खोकले. मामी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मामांनी टोपी काढली, घडी सारखी केली, पण या वेळी ती परत डोक्यावर घातली नाही.

"दिव्याचं," ते म्हणाले.

"म्हणजे दळणाचंच, साहेब," मी मध्ये पडले, "मामांना म्हणायचंय की..."

"न्हाई वकीलबाई. दळनाचं मी दळल्यावर तितल्या तितं घेतो, किलोमागं रुपाया. हे दिव्याचं भात हाय. एका दिव्याला एक पायली. चार वर्सं झाली, घेतोय."

डोईफोडे साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं. माणूस भला होता, नाहीतर पुढचं बोलायची त्यांना काही गरज नव्हती.

"गावडे, नीट विचार करून बोला. मी हे लिहून घेणार आणि त्याखाली तुमची सही घेणार. गिरणी म्हणालात तर मी चहा पिऊन परत जातो. वीज विकतो म्हणालात तर चार वर्षांचं शुल्क आलं, दंड आला. आणि सुरक्षेचं प्रमाणपत्र नाही, म्हणून आजच्या आज सील लावावं लागेल. ते कधी निघेल मी सांगू शकत नाही."

"लिवा," मामा म्हणाले. "रवळू धाकू गावडे वीज तयार करतो. आनि इकतो."

"अवो, काय बोलालाय तुमी!" मामी दारातून आत आल्या. "वाडीत दोन पोरी धाव्वीच्या परीक्षेला बसल्यात! आज रातच्याला त्यांच्या आया माझ्या दारात येतील! एवढं एक खोटं बोलाय तुमच्या जिवावर आलं व्हय?"

मी साहेबांना "एक मिनिट" म्हणून मामांना हाताला धरून बाहेर काढलं. असं अशिलाला हात धरून ओढायचं नसतं, पण मी संतापले होते. दोन वर्षांत माझं एकही प्रकरण पडलं नव्हतं आणि इथे माझाच माणूस माझी बाजू मोडून खात होता.

"हे काय केलंत? तीनदा म्हणून घेतलं ना मी तुमच्याकडून?"

"घेतलं."

"मग? गिरणी म्हणालात तर काय कमीपणा येत होता तुम्हाला?"

मामा टाकीच्या कठड्यावर बसले. पाण्याची वाफ त्यांच्या पाठीमागून वर जात होती.

"बाई, मी एकोनीस वर्सं एका ठेकेदाराकडं लाइनीवर हुतो. ह्या तालुक्यातलं निम्मं खांब माझ्या खांद्यावरनं गेल्यात. तारा मी वडल्या. खांबावर चडून जोडन्या केल्या. दोनदा शॉक बसला, एकदा वरनं खाली पडलो." त्यांनी डावा हात पुढे केला. दोन बोटं वाकत नव्हती, हे मी चार वर्षांत बघितलं नव्हतं. "हजेरीपटावर माझ्या नावाफुडं काय लिवल्यालं, ठावं हाय? बिगारी. खड्डं खननारा. दवाखान्यात नेलं तवा डाक्टरनं इचारलं, काम काय करतो? मुकादम म्हनला, बिगारी. मी खाटंवर पडल्यालो, ऐकालतो."

"तुम्ही तक्रार का नाही केली?"

"केली की. मुकादम म्हनला, रवळू, बिगारी लिवल्यालं बरं. कटकट कमी. तुज्या फायद्याचं हाय."

ते हे काही मला टोचावं म्हणून बोलले नव्हते. टोचून बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी माझ्या खोलीत, फॉर्मवर शिक्का मारताना, मी अगदी हेच शब्द बोलले होते.

"तुमी गिरनी लिवलं, तवा मला काय बोलाय आलं न्हाई," मामा म्हणाले. "तुमी शिकल्याल्या. मला वाटलं, कायद्यात तसंच असंल. पन सायेबांनी आत्ता इचारलं आनि मला कळलं, हितं दोन आकडं हैत, आनि माझा दुसरा हाय. गिरनी बायकांनी मागितली म्हनून लावली, बाई. मी वीज करतो. हे एकदा कुटंतरी खरं लिवू दे. मग सील लावू दे न्हाईतर काय करू दे."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. बोलणं हाच माझा धंदा. पण आता मला ते बोलायचं नव्हतं. मी आत गेले.

"साहेब, गावड्यांनी सांगितलं ते खरं आहे," मी म्हटलं. "आणि फॉर्मवर कोड मी लिहिला होता. त्यांना न विचारता लिहिला. चूक माझी आहे, तसं जबाबात येऊ द्या. खाली माझीही सही घ्या."

बोलताना माझे कान तापले होते. ही गोष्ट चंदगडच्या बाजारात दोन दिवसांत पोचणार आणि मंडळी माझी टर उडवणार, हे मला दिसत होतं. तरी बोलून झाल्यावर मला मोकळं मोकळं वाटलं.

साहेबांनी सगळं लिहिलं. मामांनी न वाकणाऱ्या दोन बोटांनी कागद दाबून धरला आणि उजव्या हातानं सावकाश सही केली. मग साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. अडतीस घरं, इतके दिवे, इतके तास, इतके महिने, कारण एप्रिल-मेमध्ये झरा आटतो. आकडा निघाल्यावर तो त्यांनाच सांगवेना.

"चार वर्षांचं एकदम म्हणजे जरा जड जाईल," ते म्हणाले. "हप्त्यांसाठी अर्ज करता येतो का ते मी..."

मामा उठले. लहान कणगीपाशी गेले, आणि खिळ्यानं त्यांनी झाकणाचं शेण खरवडून काढलं. झाकण उचललं तसा जुन्या भाताचा गोडूस वास शेडभर पसरला.

"हे सरकारचं," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"लाइनीवर हुतो तवा बिलं वाटायचं काम बी आमालाच लावायचे. परत्येक बिलावर एक वळ असायची, वीज शुल्क. म्हंजे दिवा लागला की सरकारचा वाटा असतोय, हे मला ठावं हुतं. किती, ते काय याद ऱ्हायलं न्हवतं. म्हनून धा पायल्या आल्या की एक हितं टाकत गेलो. वाटलं, आता कागद केलाय म्हंजे येतील मागाय. चार वर्सं कोन आलंच न्हाई."

मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. ज्या शुल्कापासून वाचवल्याबद्दल मी चार वर्षं स्वतःची पाठ थोपटत होते, ते हा माणूस चार वर्षं पायलीनं मोजून, शेणानं लिंपून, सांभाळून ठेवत होता.

"गेल्या पावसात घरातला तांदूळ सपला," मामी म्हणाल्या. त्या अजून रागातच होत्या. "मी म्हनलं, काढा की त्यातलं चार शेर, सरकार काय बघाय येतंय. तर म्हनले, न्हाई, ते आपलं न्हवं. आठ दिस नाचनी खाल्ली आमी." पण बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला आणि शेवटचं वाक्य त्यांनी साहेबांकडे बघून, मान ताठ करून म्हटलं.

डोईफोडे साहेबांनी कणगीत हात घालून मूठभर भात बाहेर काढलं, तळहातावर पसरून बघितलं आणि एकही दाणा न सांडता परत आत टाकलं.

"सरकार भात घेत नाही हो, गावडे," ते हळूच म्हणाले.

"ते ठावं हाय. इकून भरतो. जुनं हाय, दर चांगला ईल."

मग सील लावायची वेळ आली. मामांनी स्वतः वरचा व्हॉल्व्ह फिरवला. पाण्याचा आवाज हळूहळू बारीक झाला आणि जनरेटर दोनचार गिरक्या घेऊन थांबला. इतका वेळ ओरडून बोलत होतो आम्ही, आता पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला. साहेबांनी मुख्य स्विचला दोरी बांधली, लाख वितळवली.

"जरा सरळ लावा सायेब," मामा म्हणाले. "वाकडं दिसालंय."

साहेबांनी दोरी सोडली आणि परत सरळ बांधली.

सव्वीस दिवस ओहळवाडी अंधारात होती. त्या दोन पोरींनी कंदिलावर अभ्यास करून परीक्षा दिली आणि त्यांच्या आयांनी मामांशी बोलणं टाकलं. मामींनीही बरेच दिवस फक्त कामापुरतं तोंड उघडलं. बाजारात माझी टरही उडाली. वकीलबाईंनी आपल्याच अशिलाला पकडून दिलं, असं एक जण माझ्या जिन्यात उभा राहून मला ऐकू जाईल असं म्हणाला. मी खिडकीतून त्याला सांगितलं, "हो, दिलं. तुमचाही कोड एकदा तपासून घेऊ का?" तो परत दिसला नाही.

मी चार वेळा जिल्ह्याला गेले आणि मामांकडून एक पैसा घेतला नाही. पुस्तक पालथं घातलं तेव्हा कळलं की अशा खेड्यात स्वतः वीज करून स्वतः वाटायला परवानाच लागत नाही. सुरक्षा सांभाळायची आणि शुल्क भरायचं, बस्स. म्हणजे पस्तीसच्या आकड्याला मी जेवढी भ्याले होते, तेवढं भ्यायचं काही कारणच नव्हतं. चार वर्षांपूर्वी अर्धा दिवस जास्त वाचलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं. मामांनी तारांना नवे चिमटे लावले, जमिनीत तांब्याची पट्टी पुरली, धोक्याच्या पाट्या रंगवल्या. कणगीतल्या भातानं निम्म्याहून जास्त शुल्क भागलं, उरलेलं मामांनी काजू विकून भरलं. स्वतःहून खरं सांगितलं अशी टीप डोईफोडे साहेबांनी अहवालात घातली होती, त्यामुळे दंड नावापुरता झाला.

सत्ताविसाव्या दिवशी मी नवा कागद घेऊन ओहळवाडीला गेले. सील सकाळीच निघालं होतं. शेडमध्ये परत ओरडून बोलायची पाळी आली होती आणि त्या दोन आयांपैकी एक जण टाकीवरून कढत पाण्याची कळशी भरून नेत होती. जाता जाता ती मामांना म्हणाली, "पानी आज जरा जास्तच तापलंय," आणि मामा तिला म्हणाले, "सव्वीस दिसांचं हाय."

मी पिशवीतून कागद काढला.

"काय लिवलंय?" मामांनी विचारलं.

"वीज निर्मिती. पाण्यावर चालणारी. मालक, रवळू धाकू गावडे."

"परत एकदा."

मी परत वाचलं.

"परत एकदा."

मी तिसऱ्यांदा वाचलं. मी आतापर्यंत कितीतरी लोकांचा कर वाचवला होता, त्यातल्या एकाही कागदाचा मला इतका अभिमान वाटला नव्हता. आज माझ्या टेबलाच्या काचेखाली त्याची झेरॉक्स आहे. नवा अशील आला की मी आधी विचारते, तुम्ही नक्की काय करता ते तुमच्या तोंडानं सांगा, मग आपण आकडा बघू.

मामांनी कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. पस्तीसवर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्यो आकडा कुनाकुनाला असतोय?"

"पाण्यावर वीज करणाऱ्या सगळ्यांना."

"घाटाकडं ते मोठं धरन हाय, त्येच्या पायथ्याला वीज करत्यात, त्यास्नी?"

"तोच."

"येवढ्या मोठ्या धरनाला बी?"

"तोच, मामा. एक आकडासुद्धा इकडचा तिकडे नाही."

मामांनी घडी न घालता कागद तसाच सपाट, दोन्ही हातांवर धरला.

"मग त्यास्नी बी शुल्क असंल."

"असणारच."

"भरलंय त्यांनी औंदाचं?"

"मला काय माहीत, मामा!" मी हसायला लागले.

मामा हसले नाहीत. त्यांनी टोपी नीट केली, उलट्या पंपाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले,

"इचारा कवातरी. आनि सांगा त्यास्नी, ओहळवाडीनं भरलंय."